देव नाही. तरी बसा.

चार शब्द कोरून घ्यायला किती वेळ लागतो, असे कोणी विचारले तर थोरली पूर्वी "एक सकाळ" असे उत्तर देत असे. आता ती उत्तर देत नाही. विचारणाऱ्याला आधी पाणी देते.

थोरली घरात एकुलती एक. तरी तिला थोरली म्हणत, कारण बाबांचे म्हणणे असे की पुढे धाकटी आलीच तर ऐनवेळी नावांची फिरवाफिरव नको. धाकटी आली नाही, नाव मात्र राहिले. प्रत्येक गोष्टीची अशी आगाऊ तयारी ठेवणाऱ्या बाबांनी स्वतःच्या जाण्याचीही ठेवली होती. भिंतीवर फोटो नको, कोणाची भाषणे नकोत. बागेत तळ्यासमोर ज्या बाकावर ते रोज संध्याकाळी बसत, त्याच्यावर पितळेची एक पाटी लावायची. थोरली औषधे घेऊन इस्पितळाच्या जिन्याने वर आली तेव्हा आईने तिला पाटीचे वाक्य सांगितले: "देव नाही. तरी बसा." बाबा उशीला टेकून डोळे मिटून पडले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा चांगली गेलेल्या माणसाचे समाधान होते.

बाबा देव मानत नसत आणि मानत नसल्याचा गाजावाजाही करत नसत. आई मानायची. सकाळी ती प्रार्थनेला बसली की बाबा रेडिओचा आवाज कमी करत, आणि ती उठली की बातम्यांत काय काय झाले ते तिला सांगत. त्यात ते थोडी भर घालत, असा आईचा संशय होता. एवढ्या करारावर दोघांचा संसार पार पडला.

बाबा गेल्यावर आई घरातून बाहेर पडेनाशी झाली. भाजी थोरलीने आणायची, औषधे थोरलीने आणायची. बागेत चल म्हटले की ती म्हणे, पाटी लागली की येते, तोवर माझे तिथे काय काम. थोरलीने मनात गणित मांडले: पाटी लागली की आई बाहेर पडेल. म्हणजे एका सकाळचा प्रश्न आहे. गणितात ती पहिल्यापासून कच्ची होती.

बागेच्या कार्यालयात एक बाई होत्या. टेबलाच्या काचेखाली नाना झाडांची चित्रे होती आणि खिडकीत एक कुंडी होती, ती वाळलेली. बाईंनी नियम सांगितले: पाटी फार मोठी नको, मजकूर थोडक्यात हवा, आणि तो धार्मिक असता कामा नये. मग त्यांनी मजकूर वाचला. पुन्हा वाचला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारले, हे धार्मिक धरायचे का. गृहस्थ म्हणाले, देवाचा उल्लेख आहे म्हणजे धार्मिकच. बाई म्हणाल्या, पण उल्लेख 'नाही' म्हणण्यापुरताच आहे. गृहस्थांनी कपाळ चोळले आणि मग अर्धवट धार्मिक धरा, असा तोडगा काढला. अर्धवट धार्मिक मजकुराचे काय करायचे हे कुठेच लिहिलेले नसल्याने प्रकरण वरच्या मजल्यावर गेले. वरच्या मजल्याने यथावकाश विचार करून शेरा मारला: 'मजकुरात देव नसल्याने हरकत नाही.' बाबांना हा शेरा वाचायला मिळाला नाही, याचे थोरलीला मनापासून वाईट वाटले.

परवानगीला एक शेपूट होते. महिनाअखेरपर्यंत पाटी बसली नाही तर बाक पुढच्या अर्जदाराकडे जाणार. पुढचा अर्जदार म्हणजे दातांच्या एका डॉक्टरांचे कुटुंब. त्यांचे डॉक्टरही वारले होते, त्यांची पाटी तयार होती, तिच्यावर यमक जुळवलेली कविता होती, आणि त्यांच्यातले कोणी ना कोणी मधूनमधून येऊन मापाची पट्टी बाकाला लावून जात असे.

बाजारामागच्या गल्लीत पाटीवाल्या काकांचे दुकान होते. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. भिंतींवर नमुन्याच्या पाट्या टांगलेल्या: डॉक्टर, वकील, 'कुत्र्यापासून सावध', 'पाय पुसून आत या'. काकांनी थोरलीला स्टूल दिले, बाबांबद्दल ऐकून ते हळहळले, आणि आपल्या वडिलांसाठी ठेवला असता असा पितळेचा जाड पत्रा काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. मग मजकूर वाचून चष्मा काढला.

"ताई, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

थोरलीला वाटले, अक्षर बारीक होत असेल. काका म्हणाले, अक्षर जमते, वाक्य जमत नाही. ते रागावले नव्हते. एखादी गोष्ट आपल्याला पचत नाही हे यजमानीणबाईंना सांगताना माणूस ओशाळतो, तसे ते ओशाळले होते. त्यांनी पर्यायही सुचवले. 'देव आहे, निवांत बसा.' किंवा मग 'देव जाणे, बसा.' दुसऱ्यात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात, असे त्यांचे मत पडले.

गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क कोणाला, कोणत्या श्रद्धेपायी आणि कुठपर्यंत, या विषयावर थोरलीचे वाचन दांडगे होते. मित्रमंडळींत ती या वादात दोन्ही बाजूंनी बोलू शके आणि दोन्ही बाजूंनी जिंके. पण ते सगळे वाचन लोकांच्या पाट्यांबद्दल होते. आपल्या बाबांची पाटी समोर ठेवून कोणी चष्मा काढला की काय म्हणायचे, हे त्यात कुठे दिलेले नव्हते. तिने बाबांचाच दाखला दिला. बाबांचा जन्म सरकारी खिडकीमागे गेला. प्रार्थनेच्या सभांना, मिरवणुकांना, ध्वनिवर्धकांना परवानगी देणे हे त्यांचे काम. त्यांनी कोणाला कधी म्हटले नाही, की मी मानत नाही, सबब तुम्हाला शिक्का मिळणार नाही.

काकांनी हे नीट ऐकून घेतले. "मोठा माणूस," ते म्हणाले. "पण ताई, शिक्का सरकारचा होता. हात माझा आहे."

याला उत्तर थोरलीला रस्त्यावर आल्यावर सुचले, घरी पोचेपर्यंत ते फुसके वाटू लागले, आणि रात्रीपर्यंत ती काकांच्या बाजूने विचार करू लागली होती. फार वाचले की असे होते.

समोरच्या दारात उपायकाकू राहत. त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर उपाय असे आणि अडचण नसेल तर त्या ती शोधून देत. त्यांचा पहिला उपाय असा की काकांना न कळणाऱ्या भाषेत कोरून घ्यावे. मग वाचणाऱ्यांनाही कळणार नाही, असे थोरली म्हणाली, तेव्हा काकूंनी तो याचा फायदाच असल्याचे दाखवून दिले. दुसरा उपाय, वाक्य मनात म्हणावे आणि बाकावर नुसते नाव घालावे. तिसरा, तक्रार. असे लोक ऐकून घेणाऱ्यामुळेच सोकावतात, असे म्हणून त्यांनी थोरलीला हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवले.

तक्रार कक्षातला अधिकारी अत्यंत सज्जन निघाला. त्याने तिला बसायला सांगितले, बाबांबद्दल विचारले, नकार कसा दिला, आवाज चढवला का, इतर गिऱ्हाइकांसमोर अपमान झाला का, सगळे मायेने विचारले. मग मजकूर काय होता ते विचारले. थोरलीने सांगितले. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली आणि अवघडून सांगितले, की अशा वाक्यासाठी झालेली तक्रार पुढे पाठवणे म्हणजे ते वाक्य पुढे पाठवणे, आणि त्याच्या श्रद्धेत हे बसत नाही. पण तिचा हक्क अबाधित होता. तिला त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत होती, ती याच खिडकीवर दुपारनंतर घेतली जाई, आणि दुपारनंतर खिडकीवर तोच बसे. तो तिला नक्की ओळखेल, असेही त्याने आश्वासन दिले.

अशा वेळी माणसाला आपल्या मताचा कोणी भेटला की गहिवरून येते. उपायकाकूंनीच त्याचा पत्ता आणला. पुलापलीकडे एक जण होता, त्याला सगळे विवेकी म्हणत. त्याच्या दुकानात प्रार्थनास्थळाचे काम घेतले जात नसे. देणगीदारांच्या पाट्या, आशीर्वादाच्या तसबिरी, काही नाही. थोरली मजकूर पुढे करताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तो चेहरा खरोखर उजळला. असे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला भेटायला हवे होते, असे तो म्हणाला. मग त्याने पुन्हा वाचले, आणि थोरलीने ओळखले. महिनाभरात तिला एवढी विद्या आली होती: माणूस दुसऱ्यांदा वाचू लागला की काम गेले.

या हातांनी 'देव' हा शब्द आजवर कोरलेला नाही, असे विवेकी म्हणाला. त्याच्या बापाने गळ घातली होती, तेव्हाही नाही. थोरलीने त्याच्या लक्षात आणून दिले, की पुढे लगेच 'नाही' आहे. तो म्हणाला, पुढचे पुढे. आधी तर पितळेवर देव येतोच की नाही? जे नाहीच ते पक्क्या धातूत कोरून ठेवायचे आणि मग ते नाही म्हणायचे, हा कुठला विवेक? त्याने पर्याय दिला: 'नाही. तरी बसा.' थोरली म्हणाली, असे लिहिले तर लोक बाकाखाली वाकून पाहतील, की काय मोडले आहे.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. थोरली पुलाच्या कठड्याला टेकून तळमळत उभी राहिली. एका बाजूला 'देव' कोरायला आनंदाने तयार असलेला माणूस. दुसऱ्या बाजूला 'नाही' कोरायला तितक्याच आनंदाने तयार असलेला माणूस. आणि एकाएकी तिला ते सुचले, जे शहाण्या माणसाला सुचल्याबरोबर त्याने घरी जाऊन झोपायला हवे होते.

काकांनी बराच विचार केला. 'देव' शब्दात पाप नाही, हे त्यांनी मान्य केले. पुढे कोणी काय कोरतो ते त्यांना सांगायची गरज नाही, अशी अट घातली. विवेकीने, आपण पाटी हातात घेऊ तेव्हा पहिला शब्द कागदाने झाकलेला हवा, अशी अट घातली. थोरली दोघांना हो म्हणाली. पाटी फडक्यात गुंडाळून ती पुलावरून ये-जा करू लागली, आणि आपण बाबांसाठी काही तरी करत आहोत असे तिला बऱ्याच दिवसांनी वाटले.

काकांनी 'देव' कोरला. जन्मात कोरला नसेल असा कोरला. अक्षरांना कमानी, कडांना वेल, आणि आकार एवढा की निम्मी पाटी त्यातच गेली. नाकापेक्षा मोती जड. थोरलीने छान म्हटले, कारण काका ती तिच्या हातात देताना अक्षरशः उजळले होते. पुढे विवेकीने कागद उचलून पाहिला. अट त्याचीच होती, पण कारागीर आहे, दुसऱ्याचे काम बघितल्यावाचून राहवत नाही. त्याने पाहिले, तोंड मिटले, आणि उरलेल्या जागेत 'नाही' असा काही खोल कोरला की पत्रा मागून फुगला. चुकून देखील वाचायचे राहू नये, एवढीच त्याची इच्छा होती. आता कडेला बोटभर जागा उरली होती आणि दोन शब्द बाकी होते.

हे दोन शब्द कोणाच्याही श्रद्धेच्या आड येत नाहीत, अशी थोरलीची समजूत होती. या बसा म्हणणे म्हणजे अगत्य, त्यात देव कुठे आला. महिनाअखेरचा दिवस होता. ती पाटी घेऊन काकांच्या दुकानात पोचते तो मागोमाग विवेकी आला. आपले 'नाही' हा गृहस्थ घासून काढील, असा त्याला पुलावरच संशय आला होता. दोघे एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी आधी एकमेकांची अक्षरे बोटाने चाचपली. 'देव'ची कमान सुबक आहे, हे विवेकीला मान्य करावे लागले. 'नाही'चा घाव एकसारखा आहे, हे काकांना. थोरलीच्या जिवात जीव आला.

मग काकांनी कोरणी उचलली आणि परत ठेवली. 'बसा' ते आत्ता कोरतील. पण 'तरी' म्हटले म्हणजे आधीचे मान्य केले. देव नाही हे ठरून गेले, आता त्यावाचून भागवा, असे होते.

"माझंही तेच," विवेकी म्हणाला. "'तरी'त हळहळ आहे. देव नाही तर नाही. त्यात 'तरी' कशाला? जसं काही फार मोठं नुकसान झालंय."

दोघांचे या जन्मी एकाच गोष्टीवर एकमत व्हायचे होते, ते थोरलीच्या मुळावर झाले. एकमत झाल्यावर दोघांची गट्टी व्हायला वेळ लागला नाही. काकांनी त्याला स्टूल दिले. एकाच तांब्यातून पाणी प्यायले. 'तरी' हा शब्द मुळातच लबाड आहे, असे दोघे मिळून थोरलीला समजावू लागले. 'देव नाही. बसा.' काय वाईट आहे? सुटसुटीत. जागाही पुरेल.

बागेचे कार्यालय बंद व्हायला थोडा वेळ होता. थोरली थकली होती. तीन शब्द तर तीन शब्द, असे तिला वाटू लागले आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. तिने आईला फोन केला, आणि एक शब्द गाळला तर चालेल का, असे विचारले. कोणता, आईने विचारले. थोरलीने सांगितले.

"तिथेच थांब. मी येते."

ती आली. घरातल्या चपलाच पायात होत्या, आणि केस घाईने बांधलेले. इतक्या दिवसांत उन्हात न आल्याने डोळ्यांवर हात धरून तिने दुकान शोधले. काकांनी उभे राहून स्टूल पुढे केले, विवेकीने पुसले. आईने पाटी हातात घेऊन दोन्ही शब्द पाहिले, 'देव'च्या वेलीवरून बोट फिरवले, आणि छान झाले आहे असे म्हणाली. मग कोणा एकाला उद्देशून नसल्यासारखे ती बोलली.

"ह्यांनी इस्पितळात एवढंच सांगितलं होतं, देव नाही, बसा. मी म्हटलं, असं नाही चालायचं. मलाही बसायचंय तिथे. तर हे म्हणाले, मग घाल तुझा एक शब्द. 'तरी' मी घातलाय." तिने थोरलीकडे पाहिले. "तुला मी वाक्य सांगितलं. कोणाचं किती ते सांगितलं नव्हतं."

थोरलीने ऐकले. गेला महिनाभर ती दिसेल त्याला सांगत होती, की त्या 'तरी'त बाबा अख्खे उतरले आहेत, असा शब्द बाबांनाच सुचावा. बागेच्या बाईंना सांगितले होते, तक्रार कक्षात सांगितले होते, उपायकाकूंना तर उदाहरणांसह. आई तेव्हा आतल्या खोलीत असायची आणि तिला सगळे ऐकू जात असावे.

"आणि तो मीच कोरणार," आई म्हणाली.

काकांच्या श्रद्धेने कोरणी दुसऱ्याच्या हातात द्यायला मनाई केली नव्हती, पण बघायला केली होती. ते भिंतीकडे तोंड करून, 'पाय पुसून आत या'कडे पाहत उभे राहिले. विवेकीने तत्त्व म्हणून दारात पाठ फिरवली. आईने पहिला घाव घातला आणि पत्र्याने असा आवाज केला की काकांचा खांदा उडाला. "वहिनी, टोक थोडं आडवं धरा," ते भिंतीला म्हणाले. पुढच्या घावाला दारातून सूचना आली, की मनगट टेका. मग दोघे न बघता, नुसत्या आवाजावरून, एकमेकांच्या सूचना दुरुस्त करू लागले. आईने दोघांचेही ऐकले नाही. 'तरी'ची दीर्घ वेलांटी तिच्या हातून निसटून थेट पाटीच्या कडेपर्यंत गेली. उरलेल्या कोपऱ्यात 'बसा' कोणी कोरायचे यावर दोघांत नवा वाद निघाला, तो आईने एकेक अक्षर वाटून देऊन मिटवला.

बागेच्या बाई बाकापाशी स्वतः आल्या. दातांच्या डॉक्टरांची माणसे मापाची पट्टी घेऊन जरा दूर उभी होती. बाईंनी मंजूर मजकूर आणि पाटी ताडून पाहिली, वाक्य एक आणि अक्षरे इतक्या तऱ्हांची कशी, असे विचारले, आणि अक्षराबद्दल काही नियम नसल्याचे आठवून सही केली. स्क्रू घट्ट बसले. पट्टीवाली माणसे पलीकडच्या बाकाकडे गेली.

आई बसली, आणि तिच्या शेजारी थोरली. बाक दोघांपुरताच होता. तळ्यात पाहण्यासारखे काही नव्हते, त्या तेच पाहत राहिल्या. थोड्या वेळाने दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई येऊन थांबली. तिने पाटी वाचली, मान तिरकी करून पुन्हा वाचली, आणि थोरली सवयीने नकार ऐकायच्या तयारीला लागली. पण बाईचा आक्षेप वेगळाच होता. बाकी काम सुरेख झाले आहे म्हणाली, हा मधला एक शब्द तेवढा वेडावाकडा आलाय. कोणी शिकाऊ माणसाने केला असावा.

"तो माझा आहे," आई म्हणाली, आणि सरकली.

थोरली उठली. तिने बाईच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि तळ्याकडे पाठ करून, बसलेल्या दोघींसमोर उभी राहिली.